बंट्याचे वीस हजार शेअर आणि बोर्डाचा भाव

शुक्रवारी संध्याकाळी फैजपूरच्या टपरीवर आम्ही चौघं. टेलिग्रामवरच्या टिपेवर बंट्याने घेतलेला चार रुपयांचा शेअर आपटला ते सगळ्यांना माहितीच, तरी तात्याने उकरलंच. "काय भो, गेले का तुझे वीस हजार शेअर?"

बंट्याने लगेच मोबाईल काढला, त्याला काहीही विचारा, तो चार्टच दाखवतो. "तात्या, ८ चं टार्गेट आहे, भाव खेळवणारा ऑपरेटर हलवू राह्यला फक्त."

"४.२० चा २.४० झाला," मी म्हटलं, "८४ हजाराचे ४८ हजार."

"विकले तर लॉस ना भो! विकलेच नाही तर कसला लॉस?"

आप्पा इतका वेळ चहा फुंकत होते. "तू विकत नाही असं नाहीये, तुझे कोणी घेऊ नाही राह्यलं. दाखव बरं स्क्रीन."

विकणारे ३८ लाख शेअर, घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. अकरा दिवस हेच, रोज ५ टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाला तेवढाच पडू शकतो आणि तिथेच अडकतो.

"पण स्टॉपलॉस लावला होता मी," बंट्या म्हणाला, "भाव इतका पडला की आपोआप विक म्हणून!"

"लागला बी असेल," आप्पा म्हणाले, "पण समोर घेणारा नको? बुऱ्हाणपूरच्या बोर्डावर केळीचा भाव काय लागला याला काय चाटायचं, बागेत कापणीला व्यापारी आला पाहिजे. घड पिकून गेला आन् गाडीच नाही आली तर? तुझा २.४० तसाच बोर्डाचा भाव आहे."

हे आप्पा बोलले ते आपल्या पोरांना कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. ४ रुपयाला आहे म्हणजे स्वस्त, असंच वाटतं सगळ्यांना, रोज किती माल हलतो ते कोणी बघत नाही. मला खरा राग येतो तो टेलिग्रामवर टिप देणाऱ्याचा, त्याने आधीच घेऊन ठेवलेले असतात आणि आपली पोरं तुटून पडली की तो त्यांच्याच गळ्यात मारून मोकळा होतो. बंट्या तर सकाळी घेऊन दुपारी विकणार होता, पण शेअर निघाला टी ग्रुपातला, तिथे डिलिव्हरी घ्यावीच लागते, त्याच दिवशी विकता येत नाही. मग इंट्राडेचं, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायचं, झालं स्विंग, म्हणजे काही दिवस ठेवायचं, आणि आता म्हणतो लाँग टर्म.

मी शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासाचं काढलं, २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दहातले सात तोट्यात होते.

"म्हणजे तीन कमावतातच ना! मी त्या तिनात."

"वर्षाला ५०० च्या वर सौदे करणाऱ्यांत दहातले आठ तोट्यात. तू तर दिवसाला दहा करतो."

"मग अमळनेरवाले विप्रोवर कसे करोडपती झाले?"

तात्या उसळलाच, त्याची सासुरवाडी अमळनेर. "अरे १९४५ ला कंपनी निघाली, गावातच वनस्पती तुपाचा कारखाना, डबे बाहेर पडताना लोकांना दिसायचे. शेअर घेऊन वर्षानुवर्षं हलले नाही ते. तुझ्या कंपनीचं गेट कुठंय ते सांग फक्त."

बंट्या गप. मग हळूच, "गुजरातेत असेल कुठंतरी."

"असेल?" आप्पांनी कप खाली ठेवला. "आन् मागच्या हिवाळ्यात भरीत पार्टीला बामणोदहून वांगी आणली, तुझे ३५० अजून बाकी आहेत, ते कुठंयत?"

"शेअर विकले गेले की पहिले तुमचेच देतो आप्पा."

मग काय, तात्याला ठसकाच लागला, बंट्याही हसायला लागला, आणि चहाचे पैसे परत आप्पांनीच दिले.