यानाची लांबी छापताय? मग ती कुठून आली तेही छापा

विज्ञानपटांतल्या अवकाशयानांचा नवा संदर्भग्रंथ येतोय म्हटल्यापासून संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या चाहत्यांची चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरतेय. यानं किती आहेत आणि चित्रं रंगीत आहेत का? मला तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक आकड्याशेजारी त्या आकड्याचा उगम दिलाय का? तो नसेल तर जाडजूड देखणा अल्बम हातात पडेल, त्याला संदर्भग्रंथ म्हणता येणार नाही.

‘स्टार ट्रेक’मधली पहिली एंटरप्राइज घ्या. लांबी २८९ मीटर हे सगळ्यांना तोंडपाठ. पण माणसं किती? पहिल्या चाचणी भागात कॅप्टनच्या तोंडी २०३ आहे, पुढे मालिकेत ४३० च्या घरात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा. ग्रंथात नुसतं ‘कर्मचारी ४३०’ छापलं की पहिला आकडा कायमचा बुजला. चित्रीकरणासाठी वापरलेलं मोठं मॉडेल सुमारे ३.४ मीटर लांब आहे, म्हणजे यानाच्या मानाने साधारण १:८५. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दिव्यांच्या वायरी डाव्या अंगाने बाहेर काढल्या होत्या म्हणून ती बाजू अपुरीच ठेवली गेली. त्यामुळे कुठल्याही पुस्तकात एंटरप्राइजचं डाव्या बाजूचं सविस्तर चित्र दिसलं की ते उजव्या बाजूवरून उलटवून काढलंय, असं गृहीत धरावं. चित्राखाली तेवढी एक ओळ असली तर मॉडेल करणाऱ्याचे कितीतरी तास वाचतात.

‘स्टार वॉर्स’ची तऱ्हा वेगळी. मिलेनियम फाल्कन ३४.७५ मीटर. पहिल्या चित्रपटासाठी तिचा सेट अर्धाच बांधला होता. पूर्ण आकाराचा सेट दुसऱ्या चित्रपटासाठी १९७९ मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकला झाला. आतले सेट बाहेरच्या कवचात नीट बसतच नाहीत. ही दर्जेदार कामातली चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, कारण आडवा छेद काढणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने इथे काहीतरी ताणलेलं किंवा आवळलेलं असतं. कुठे ताणलं आणि किती, ते त्याने सांगावं. ‘स्टार ट्रेक’च्या गॅलिलिओ शटलचंही तेच. आत माणसं ताठ उभी राहतात, आणि बाहेरून पाहिलं तर तेवढी उंचीच नाही.

सगळ्यात गाजलेला वाद ‘स्टार वॉर्स’मधल्याच एक्झिक्युटर या महाकाय युद्धयानाच्या लांबीचा. जुन्या छापील साहित्यात ८ किलोमीटर, आता अधिकृत १९. शेजारच्या स्टार डिस्ट्रॉयरची १,६०० मीटर लांबी धरून चाहत्यांनी दृश्यं मोजली आणि ८ चा आकडा बसत नाही हे दाखवून दिलं. हे आकडे डोळ्यासमोर आणायचे तर आपल्याच मुलखात मापं आहेत. स्टार डिस्ट्रॉयर शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणारच्या विवरात, सुमारे १.८ किलोमीटरच्या व्यासात, जेमतेम मावेल. हिंगोलीत औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या एका भुजेवर असे अडीच राहतील. एक्झिक्युटरला मात्र पैठणच्या जायकवाडी धरणाची जवळपास १० किलोमीटरची भिंत दोनदा जोडली तरच पुरेल.

आता पानांवर येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. सगळी यानं एकाच प्रमाणात छापा अशी मागणी बरेच जण करतायत. ती पूर्ण होणं शक्य नाही, हिशेब करून पाहा. ए-फोर आकाराच्या उभ्या पुस्तकाचं जोडपान ४२ सेंटिमीटर रुंद. १:२००० ला एंटरप्राइज १४.५ सेंटिमीटर येते, छान. त्याच प्रमाणात स्टार डिस्ट्रॉयर ८० सेंटिमीटर होतो, म्हणजे जोडपानाच्या जवळपास दुप्पट. तो बसवायला १:५००० केलं तर ३२ सेंटिमीटर, पण फाल्कन ७ मिलिमीटरचा ठिपका. मग मार्ग एकच, गट पाडायचे. लहान यानांना १:२००, त्यात फाल्कन १७.४ सेंटिमीटर आणि गॅलिलिओ साडेतीनच्या थोडी वर. मधल्यांना १:२०००. मोठ्यांना १:१०,०००, त्यात डिस्ट्रॉयर १६ सेंटिमीटर. एक्झिक्युटरसारख्यांना स्वतंत्र जोडपान, १:५०,००० ला ३८ सेंटिमीटर. आणि प्रत्येक गटातलं एक यान पुढच्या गटाच्या पानावर छोटं करून पुन्हा छापायचं, म्हणजे नजरेला धागा मिळतो.

प्रमाण ‘१:२०००’ असं अक्षरांत लिहिण्यापेक्षा चित्राखाली मोजपट्टी छापणं केव्हाही भरवशाचं. पान स्कॅन झालं, झेरॉक्स झालं, मोबाइलवर आलं की अक्षरातलं प्रमाण खोटं ठरतं. मोजपट्टी मात्र चित्रासोबतच लहानमोठी होते. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे आराखडा प्रिंट करायला दिला की तिथल्या संगणकावर ‘फिट टू पेज’ बहुतेक चालूच असतं. प्रिंट तीन-चार टक्के आकसते, आणि १:१००० ची २८.९ सेंटिमीटरची एंटरप्राइज २८ वर येते. तशा प्रिंटवरून कापलेला भाग बरोबर मापाच्या दुसऱ्या भागाला कधीच जुळत नाही. ‘ॲक्च्युअल साइज’ करायला सांगा, कागदावर १० सेंटिमीटरची रेघ आधी टाकून ठेवा आणि दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजा.

पडद्यावरून स्वतः माप काढणाऱ्यांसाठी दोन धोके. पहिला म्हणजे भिंगाचा. मॉडेल जवळून, रुंद भिंगाने चित्रित केलं की पुढचं टोक फुगतं आणि मागचं आकसतं, त्यामुळे तिरक्या फ्रेमवरून लांबी काढूच नये. यान कॅमेऱ्याला काटकोनात, नेमकं बाजूने जातंय अशी फ्रेम शोधा. दुसरा धोका लहान मापावरून मोठं माप काढण्याचा. खिडकीतला माणूस ८ पिक्सेल उंच दिसत असेल तर एका पिक्सेलची चूक साडेबारा टक्क्यांची, आणि २८९ मीटरवर ती ३६ मीटर होते. म्हणून माणसाऐवजी दार, डॉकिंगची कडी किंवा शेजारचं माहीत असलेलं यान धरावं. निदान तीन फ्रेम मोजाव्यात आणि उत्तर ‘२७० ते ३०५’ असं पट्ट्यात लिहावं. एकच ठाम आकडा लिहिणाऱ्या ग्रंथावर माझा विश्वास कमी बसतो.

विज्ञानाच्या चौकटी पानापानांवर असाव्यात, फक्त त्यात गणित हवं. ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये ९०० फुटी तोफेतून माणसं चंद्राकडे उडवली. साधारण ११ किलोमीटर प्रतिसेकंद वेग २७४ मीटरच्या नळीत गाठायचा तर त्वरण २२ हजार जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या २२ हजार पट येतं. माणूस राहूद्या, गोळ्याची भिंतही टिकणार नाही. पुढे १९२९ च्या जर्मन मूकपटाला रॉकेटशास्त्रज्ञ हेर्मान ओबेर्थ यांचा सल्ला होता आणि त्यात टप्प्याटप्प्याचं रॉकेट आलं. व्हर्नच्या तोफेपासून इथपर्यंतचा बदल दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवता येतो.

१९६८ च्या ‘२००१’ या चित्रपटातल्या डिस्कव्हरी यानाचं फिरतं चाक सेटवर ३८ फूट व्यासाचं होतं. त्यात चंद्राइतकं वजन भासायला मिनिटाला पाच फेरे लागतात. पृथ्वीइतकं वजन हवं आणि चक्कर येऊ नये म्हणून दोनच फेरे ठेवायचे असतील तर त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते. म्हणजे पूर्ण वजन आणि संथ फेरे दोन्ही दाखवणारं लहानसं चाक दिसलं की तिथे गणित मोडलंय.

त्याच डिस्कव्हरीच्या आधीच्या आराखड्यांत उष्णता बाहेर टाकणारे मोठे पत्रे होते. ते पंखांसारखे दिसतील आणि प्रेक्षक गोंधळतील म्हणून काढून टाकले. माझ्या मते अवकाशयानांच्या चित्रांतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालतो तो कोरड्या हवेत पाणी उडून जातं म्हणून. अवकाशात हवाच नाही, उष्णता फक्त प्रारणाने जाते. ८०० केल्विनला तापलेला आदर्श पत्रा दर चौरस मीटरला सुमारे २३ किलोवॅट बाहेर टाकतो, म्हणजे एक मेगावॅटसाठी ४३ चौरस मीटर पुरतात. पत्रा ३०० केल्विनवर, म्हणजे २७ अंशांवर ठेवला तर तेवढ्याच उष्णतेला जवळपास २,२०० चौरस मीटर लागतील. प्रत्येक यानाच्या पानावर ‘उष्णता कुठून जाते’ हा रकाना असावा. बहुतेक वेळा तो रिकामा राहील, आणि रिकामा छापला तरी चालेल.

पुस्तक मागवायच्या बाबतीत थोडं. ए-फोर, ३०० पानं, १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर म्हणजे नुसते कागदच सव्वा किलोचे, १७० जीएसएम असेल तर १.६ किलो. एवढ्या वजनाला शिवण बांधणीच हवी. नुसत्या गोंदाच्या बांधणीत पान सपाट उघडत नाही आणि जोडपानाच्या मध्यावर प्रत्येक बाजूचा आठ-दहा मिलिमीटर भाग घळीत जातो, नेमकं यानाचं पोट. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या टेम्पोत हा गोंद मऊ पडतो आणि पानं सुटू लागतात. पावसाळ्यात आलं तर प्लॅस्टिक लगेच काढा, कारण आत ओल राहिली तर आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई सोलून निघते. दोन किलोच्या वरचं पुस्तक उभं ठेवू नका, आतला गठ्ठा पुठ्ठ्यापासून खाली ओढला जातो.

आणि आपली यानं? बाहेरच्या ग्रंथात ती येतील याची मला फारशी आशा नाही. १९६३ चा तमिळ ‘कलै अरसी’, १९६७ चा दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’, २०१९ च्या ‘कार्गो’मधलं पुष्पक ६३४-ए, एवढी तरी नोंद व्हायलाच हवी. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके यांच्या कथांतली यानं तर शब्दांतच आहेत. त्यांची चित्रं मनाने काढू नयेत. कथेत जे लिहिलंय तेवढंच उतरवावं : आकार, माणसं, इंधन, प्रवासाला लागलेला वेळ, आवृत्तीचं वर्ष, पान क्रमांक. जिथे लेखक गप्प आहे तिथे रकाना कोरा. ग्रंथाला जोडायला मी आपल्या यानांच्या पुरवणीचा तक्ता अशाच रकान्यांनी आखलाय, पहिली ओळ पुष्पकची आहे. ‘चाँद पर चढाई’मधलं यान नेमकं बाजूने दिसणारी फ्रेम कोणाकडे असेल तर चित्रपटातल्या मिनिट-सेकंदासह पाठवा.