कंपनी बुडाली म्हणून लायसन्स बुडत नाही

जुन्या बिझनेस कॉम्प्युटरचा नाद असलेल्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: ‘कंपनी कधीच बंद पडली, सॉफ्टवेअर तीस-चाळीस वर्षं जुनं, मशीन तुमच्या मालकीचं. आता ते सॉफ्टवेअर कुणाचंच नाही. डिस्क कोरी करा, नेटवरून इमेज (दुसऱ्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) उतरवा आणि चालवा.’ यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे, आणि डिस्क कोरी करण्याचा सल्ला तर घातक आहे.

‘कंपनी बंद पडली.’ डीईसी या जुन्या कॉम्प्युटर कंपनीचंच बघा. १९९८मध्ये ती कॉम्पॅकने घेतली, २००२मध्ये कॉम्पॅक एचपीत गेली, २०१५मध्ये एचपीची विभागणी झाली आणि व्हीएमएस ही डीईसीची ऑपरेटिंग सिस्टीम त्यातून निघालेल्या एचपीई या कंपनीच्या वाट्याला आली. पाटी बदलत गेली, हक्क मात्र हातोहात पुढे गेले. हौशी लोकांना १९९७पासून फुकट मिळणारी व्हीएमएसची लायसन्स एचपीईने बंद केली. शेवटची २०२१अखेर संपली. नव्या आवृत्त्या काढणारी व्हीएमएस सॉफ्टवेअर ही कंपनी डीईसीच्या जुन्या व्हॅक्स मशीनसाठी लायसन्स देत नाही. व्हॅक्स जपणाऱ्यांवर हा सरळसरळ अन्याय आहे. पण मालक लायसन्स देत नाही म्हणून मालकच उरला नाही, असं होत नाही.

‘जुनं झालं.’ अमेरिकेत कंपनीने प्रसिद्ध केलेल्या कामावर ९५ वर्षं कॉपीराइट असतो. १९८५चा प्रोग्रॅम २०८० संपेपर्यंत बांधलेला आहे.

‘मशीनबरोबर सॉफ्टवेअरही आलं.’ हे कुठल्या देशात आहात आणि करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. ऑटोकॅडच्या जुन्या प्रतींच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१०मध्ये कंपनीकडून मूळ प्रती घेणाऱ्याला मालक न मानता परवानाधारक मानलं. उलट ओरॅकलच्या प्रकरणात युरोपियन न्यायालयाने २०१२मध्ये सांगितलं, की कायमचं लायसन्स पुढे विकता येतं, फक्त विकणाऱ्याने आपली प्रत वापरणं थांबवायला हवं. म्हणून मशीन घेताना लायसन्सचे कागदही मागून घ्या.

आता डिस्क. आयबीएमच्या एएस/४०० या बिझनेस कॉम्प्युटरवर अनेक प्रोग्रॅमच्या चाव्या मशीनच्या सिरियल नंबरला बांधलेल्या असतात. दुसऱ्याची इमेज टाकून त्या चालत नाहीत. सन कंपनीच्या जुन्या स्पार्क मशीनमध्ये होस्टआयडी (मशीनचा ओळख नंबर) एनव्हीरॅम या बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरी चिपमध्ये असतो आणि बॅटरी त्या चिपच्या पोटातच असते. ती संपली की होस्टआयडी पुसला जातो, आणि त्याला जोडलेली लायसन्सही अडतात. मूळ नंबर माहीत असेल तर तो चिपमध्ये परत लिहिता येतो. तो सापडतो जुन्या लायसन्स फाइलमध्ये किंवा चिपवरच्या बारकोडच्या चिठ्ठीवर. डिस्क कोरी केलीत आणि चिप फेकलीत, तर दोन्ही गेलं. म्हणून आधी डिस्कची पूर्ण प्रत घ्या, चिठ्ठ्यांचे फोटो काढा. बाकी सगळं नंतर.

आणि या सल्ल्याला जोडली जाणारी ‘कंपनीला विचारून काही उपयोग नाही’ ही पुस्ती सर्वांत जास्त नुकसान करते. युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम जपणाऱ्यांनी तेव्हा तिचा धंदा सांभाळणाऱ्या एससीओ कंपनीकडे लेखी मागणी लावून धरली, तेव्हा १९९८मध्ये जुन्या युनिक्सची स्वस्त लायसन्स मिळाली. २००२मध्ये तो धंदा विकत घेतलेल्या कॅल्डेराने तेच युनिक्स खुलं केलं. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ४ चा सोर्स कोड २०२४मध्ये एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कुणालाही मोकळेपणाने वापरता येईल असा, दिला. व्हॅक्स व्हीएमएससाठी एचपीईकडे अशीच मागणी व्हायला हवी, आणि ती व्हॅक्स चालवणाऱ्यांनीच सह्या करून पाठवायला हवी.