शिरगणती

पक्षी मोजणं सोपं. ते निदान पाण्यावर बसून तरी राहतात. निसर्गसहलीला आलेली माणसं मोजणं किती अवघड, ते ज्याच्या गळ्यात आयोजकपद पडलं त्यालाच विचारा.

जानेवारीत लाखनी-साकोलीकडच्या हौशी मंडळांचा बेत ठरलेला असतो. सकाळी नागझिऱ्याच्या जंगलात सफारी, दुपारी नवेगावबांधच्या तलावावर पाणपक्ष्यांची मोजणी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तेव्हा निमित्तही भक्कम. कागदावर बेत सुरेख दिसतो. मग मंडळी तेवीस होतात आणि भागाकार सुरू होतो.

जिप्सीत सहा पर्यटक, एक गाईड, एक चालक. म्हणजे तेवीस जणांना चार जिप्सी आणि वर एक रिकामी सीट. ही सीट सगळ्या भांडणांचं मूळ. कॅमेरावाल्याला ती बॅगेसाठी हवी, गुरुजींना पाय लांबवायला, आणि ऐनवेळी एखाद्या वहिनींना भाचीसाठी. भाचीचं नाव परवान्यावर नसेल तर ती आत जात नाही. हे वहिनींना गेटवर सांगून उपयोग नाही, आदल्या रात्री सांगावं. परवान्यावर नाव असलेल्या प्रत्येकाच्या हातात मूळ ओळखपत्र हवं. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो आणि 'वनरक्षक आपल्या ओळखीचा आहे' हे तिन्ही पुरावे गेटवर सारख्याच किमतीचे.

गेट उजाडताना उघडतं. पिटेझरी गेटपर्यंत तास-सव्वातास, कागदपत्रांना अर्धा तास, म्हणजे बस पावणेपाचला हललीच पाहिजे. मंडळींना चारची वेळ द्यावी. सव्वाचारला पंधरा जण असतात, साडेचारला बावीस. तेविसावा फोनवर म्हणतो, "चौकातच आहो न भाऊ!" आणि मागे बादलीत नळ पडत असल्याचा स्वच्छ आवाज येतो. पहाटेचा चहा अर्धाच कप द्यावा. आत गेल्यावर ठरवून दिलेल्या जागेशिवाय जिप्सीतून पाय खाली ठेवता येत नाही, आणि पूर्ण कप घेतलेला माणूस तासाभरात वाघाची चौकशी बंद करून त्या जागेची करू लागतो.

आता मोजणी. उभी माणसं कधीही मोजू नयेत. ती बोलत बोलत या टोकाकडून त्या टोकाला जातात आणि दोनदा मोजली जातात. बसल्यावर, पुढच्या सीटपासून मागे मोजत जावं. त्याहून बरं म्हणजे जोड्या लावणं, म्हणजे प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची तेवढी काळजी घ्यायची. तेवीस हा आकडा विषम, एक जण उरतोच. वारंवार हरवणारा माणूस हेरून तोच उरवावा आणि बसच्या चालकाच्या हवाली करावा. चालक गाडी सोडून कुठे जात नाही.

थंडीत उघड्या जिप्सीत वारा अंग कापतो. कानटोपी, मफलर, मांडीवर घोंगडी हवीच. मागची सीट उंच असते, दिसतं छान, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट लागतो. कंबर दुखणाऱ्यांना पुढे बसवावं. आणि चारही जिप्सी एकामागे एक सोडू नयेत. पहिलीला जंगल दिसतं, बाकी तिघींना पहिलीची धूळ.

मध्येच गाईड गाडी थांबवून रस्त्यातल्या ठशाकडे बोट दाखवतो. "रात्रीचा नाही जी, आत्ताचा हाय." मागून लगेच शंका येते की ह्याला काय वाघाने फोन केला होता? फोनची गरज नसते. टायरच्या नक्षीवर पंजा उमटला असेल तर जनावर गाडीनंतर गेलं, पंजावर टायर असेल तर आधी. पहाटे झाडांवरून दव ठिबकतं, त्याचे बारीक खळगे ठशात पडले असतील तर ठसा रात्रीचा. कडा धारदार आणि आत एकही खळगा नाही, तर ताजा. नराचा ठसा चौकोनी, मादीचा लांबट. गाईड हे सांगत असताना सगळे डोळे ठशावर रोखलेले असतात आणि बाजूच्या ऐनाच्या झाडावरचा धनेश कुणीही पाहत नाही.

सांबर ओरडलं की वाघ-बिबट्या जवळ आहे असं समजून इंजिन बंद. चितळ रानकुत्र्यांना बघून ओरडतं, कधी नुसत्याच संशयाने. सांबर सहसा खोटं बोलत नाही. वानर उंच फांदीवरून एकाच दिशेला तोंड करून खॅक-खॅक करत असेल तर आपण त्या दिशेला पाहावं, वानराकडे नाही. अशा वेळी निदान दहा मिनिटं चिडीचूप बसावं लागतं. नेमका हाच मुहूर्त धरून कोणीतरी चिवड्याचं पाकीट फोडतो. त्या चुरचुरीला सांबरही गप्प होतं. नियम सांगून हे थांबत नाही. गेटवर पिशव्या तपासाव्यात आणि पाकिटं बसमध्येच ठेवावीत. कुणाला उपाशीपोटी गरगरत असेल तर त्याने खिशात लाडू ठेवावा. लाडवाला आवाज नसतो.

जेवण गावातल्या बचत गटाला आधी सांगून ठेवावं. रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा मोह मात्र आवरावा. गोवऱ्यांवर रोडगे नीट भाजायला दीड तास, आणि तुपात बुडवून दोन खाल्ले की माणूस पक्षी मोजायच्या अवस्थेत राहत नाही. वरण-भात आणि वालाची भाजी पुरे. चालक धरून चोवीस पानं मांडली तर पंगत पंचविसांची भरते. पंचविसावा कोण, हे शोधत बसू नये. तो कुणाचा तरी साडू असतो.

नवेगावबांध हा कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला जुना तलाव. पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले, तलाव हजारोंनी आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. दुपारी पश्चिमेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीशी येतं. पूर्वेकडून सगळी बदकं काळी दिसतात आणि मंडळी सरसकट सगळ्यांना पाणकावळा म्हणून मोकळी होतात.

दुर्बीण ८ बाय ४२ ची असावी. आठपट जवळ दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्याने उजेड पुरतो. हौसेने दहापटीची आणणाऱ्याला हाताचा कंपही दहापट दिसतो. आधी दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराइतक्या करायच्या. चष्मा असेल तर रबरी वाट्या खाली दाबायच्या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्यासाठी स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या नळीवरचं कडं फिरवायचं. इतकं जमलं की शेजारचे काका म्हणतात, "दाखव न बापा जरा," आणि सगळं पहिल्यापासून फिरवतात. तोवर पट्टकादंबांचा थवा उडालेला असतो.

थव्यात एकेक पक्षी मोजू नये. आधी पन्नास नीट मोजायचे, त्यांनी पाण्याचा केवढा तुकडा व्यापला ते डोळ्यांत धरायचं आणि मग असे तुकडे किती ते मोजायचं. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. तिसरं काम सगळ्यात कठीण. वारकरी नावाचा पाणपक्षी तर मध्येच बुडी मारतो आणि भलतीकडे वर येतो, म्हणजे सकाळच्या बसमधलीच तऱ्हा. त्यामुळे आकडे तीन येतात: ३८०, ४५० आणि "हजार तरी असतीन." सरासरी काढू नये. हजारवाल्याला बाजूला ठेवून उरलेल्या दोघांनी पुन्हा मोजावं, आणि उजेड आहे तोवरच मोजावं.

फॉर्मवर तलावाचं नाव, तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, प्रत्येक जातीपुढे आकडा. ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदक' लिहावं, अंदाजाने नाव ठोकू नये. फॉर्म कॅमेरावाल्याच्या हाती देऊ नये. तो शेऱ्यात 'वाघ दिसला नाही' असं लिहून सही करतो.