छर्‍याची बंदूक खेळणं नव्हे: सोलापुरात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

हुरड्याचे दिवस आले की जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. पुढे लग्नसराईत तोच शहरातल्या ग्रुपवर येऊन धडकतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "सरकारी कारखान्याचं नवं 'प्रबल' रिव्हॉल्व्हर 50 मीटरपर्यंत मारतं, घराच्या राखणीला याहून भारी काही नाही. महिलांना लायसन्सची गरज नाही. चोर घरात शिरला की गोळी घालायचा हक्क कायद्यानंच दिलाय. ज्यांना एवढं परवडत नाही त्यांनी एअरगन घ्या. तिला लायसन्स लागत नाही, ते खेळणंच आहे, पोरांच्या हातात द्या, रानातली पाखरं हाणा, कुणी विचारत नाही. आणि लग्नात हवेत बार काढला तरी गोळी वरच विरून जाते."

मी नेमबाजी करतो आणि नव्या मुलांना दहा मीटरवर शिकवतोही. या खेळावर माझा जीव आहे. बंदुकीबद्दल कुतूहल असणाऱ्या माणसाला मी कधी नावं ठेवली नाहीत, नवं हत्यार बाजारात आलं की मीही त्याची माहिती हावरटासारखी वाचतो. पण हा मेसेज ज्या घरात खरा मानला जाईल त्या घरात एक दिवस कुणाचा तरी डोळा जाईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्यातला एकेक दावा घेतो.

"प्रबल 50 मीटर मारतं, म्हणून राखणीला उत्तम"

प्रबल खरंच आहे. कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीनं ते ऑगस्ट 2023 मध्ये आणलं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 1 ऑक्टोबर 2021 पासून ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांतली ही एक. पॉइंट बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथं इंचात), 76 मिलिमीटरची नळी, वजन साधारण 700 ग्रॅम, आणि काडतुसं भरायला चक्री बाजूला उघडते. आपल्याकडच्या जुन्या सरकारी रिव्हॉल्व्हरच्या मानानं ही सोय मोठी आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. कंपनीनं पल्ला 50 मीटर सांगितला, तोही बरोबर.

घोळ पुढे आहे. 50 मीटर पल्ला म्हणजे तुम्ही 50 मीटरवर नेम धरून लावू शकाल, असा अर्थ मेसेजवाल्यानं काढलाय. साधं गणित करून बघा. एवढ्या आखूड रिव्हॉल्व्हरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) समजा 120 मिलिमीटर अंतर आहे. हात थरथरला आणि पुढची साइट फक्त एक मिलिमीटर सरकली, तर 50 मीटरवर गोळी नेमापासून 40 सेंटिमीटरहून जास्त बाजूला जाते. रात्री, घाबरलेल्या अवस्थेत, झोपेतून उठून एक मिलिमीटरचा हिशेब कोण ठेवणार?

50 मीटर पिस्तूल हा 2016 च्या रिओपर्यंत ऑलिम्पिकमधला प्रकार होता. त्यासाठी हाताच्या मापानं घडवलेल्या मुठीची, लांब नळीची, अगदी हलक्या ट्रिगरची पिस्तुलं वापरत. तरी त्यातला दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओचा विश्वविक्रम 600 पैकी 583 वर थांबला. जगातला सर्वांत स्थिर हात उजेडात, निवांत उभं राहून सतरा गुण घालवतो. आपल्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा हॉल लांबीला किती असतो ते ज्यानं त्यानं आठवावं. घरात प्रश्न चार-पाच मीटरचा असतो, आणि 50 मीटर जाणारी गोळी चोराला चुकली की शेजाऱ्याच्या भिंतीकडे, खिडकीकडे, जिन्याकडे जाते. पल्ला संपला म्हणून गोळी हवेत थांबत नाही. पॉइंट बावीस हे सर्वांत लहान समजलं जाणारं काडतूस, त्याच्याही कित्येक खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते.

"महिलांना लायसन्सची गरज नाही"

साफ खोटं. हे कुठून आलं असावं याचा मला अंदाज आहे. जानेवारी 2014 मध्ये सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. जाहिरात महिलांसाठी होती, सूट नव्हती. कायदा सगळ्यांना एकच: वय 21 पूर्ण, अर्ज, पोलिसांची चौकशी, आणि 2016 च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडे राहत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर जवळ सापडलं तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद आणि दंड आहे. मेसेजवर विसंबून एखादी ताई कुणाकडून तरी 'सेटिंग'चं हत्यार घेईल आणि राखण राहिली बाजूला, तिच्यावरच गुन्हा दाखल होईल.

"चोर शिरला की गोळी घालायचा हक्क"

अर्धं सत्य, आणि अर्धं सत्य जास्त घातक. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. जिवावर बेतलं असेल, दरोडा पडत असेल, किंवा सूर्यास्तानंतर घरफोडी होत असेल तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचू शकतो. पण त्याच संहितेत हेही आहे, की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मागायला वेळ होता तर हा हक्क उरत नाही. दिवसाढवळ्या बागेतले पेरू तोडणाऱ्या पोरावर किंवा पाठ फिरवून पळणाऱ्या माणसावर गोळी झाडली तर हक्काची भाषा कोर्टात कामाला येणार नाही.

"एअरगनला लायसन्स नाही, म्हणजे खेळणं"

इथं मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण प्रबल घेणारे गावात दोन निघतील, छर्‍याची बंदूक घेणारे दोनशे.

पहिली गोष्ट, प्रत्येक एअरगन परवान्यातून सुटत नाही. नियमात दोन अटी आहेत. नळीचा बोअर 4.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे आपण ज्याला पॉइंट एक सत्त्याहत्तर म्हणतो तोच. आणि नळीच्या तोंडाशी छर्‍याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त नको. पॉइंट बावीस किंवा पॉइंट पंचवीसची एअरगन ऑनलाइन 'बिनलायसन्स' म्हणून दाखवत असतील तर ती जाहिरात तुम्हाला थेट शस्त्र कायद्याच्या गुन्ह्यात नेते. तसंच नवी स्प्रिंग घालून, स्प्रिंगच्या जागी गॅस रॅम (दाबलेल्या गॅसची नळी) बसवून 'पॉवर वाढवून देतो' म्हणणाऱ्यांचं. 20 ज्यूलची रेघ ओलांडली की हातात बिनपरवाना शस्त्र आलं, खरेदीच्या पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

आता हे 20 ज्यूल म्हणजे किती, ते बघू. साधारण छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर भरतो. 20 ज्यूल ऊर्जा असेल तर तो नळीतून सेकंदाला जवळपास 277 मीटर वेगानं निघतो, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या दहा मीटरच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलमध्ये छर्‍याचा वेग सेकंदाला 175 मीटरच्या आगेमागे असतो आणि ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल. एवढ्या कमी ताकदीच्या रायफलसाठीसुद्धा रेंजवर शिस्त कसली असते? नळी कायम टार्गेटकडेच. झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रायफल खाली ठेवताना नळीतून नारिंगी दोरी आरपार घालायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. कुणी टार्गेटच्या दिशेनं पुढे गेलं तर सगळ्यांच्या रायफली टेबलावर. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. नव्या मुलाला पहिले कित्येक दिवस आम्ही छर्रा देतच नाही, नुसतं उभं राहायला, श्वास धरायला आणि रिकामा ट्रिगर दाबायला लावतो. मुलं कंटाळतात, पालक तर त्याहून लवकर कंटाळतात, पण यातूनच नेमबाज घडतो.

ही शिस्त खेळण्याला लागते का? बाळीवेशीतल्या किंवा साखर पेठेतल्या गच्चीवरून डबा उडवायला जो छर्रा सुटतो तो डब्याला चुकला तर दोन-तीन गच्च्या सहज ओलांडतो. मोठ्या ताकदीच्या एअरगनचा छर्रा तीनशे मीटरपलीकडेही जाऊ शकतो. पलीकडे कुणी पापड वाळत घालत असेल, कुणी पतंग उडवत असेल. डोळ्यात गेलेल्या छर्‍यावर नंतर कितीही पैसा ओतला तरी नजर परत येईलच असं नाही. दगडी भिंतीवर, पत्र्यावर झाडला तर तो उलटूनही येतो, आणि गुळगुळीत पोलादी गोळ्या तर शिशाच्या छर्‍याहून जास्त उसळतात. गच्चीवरून कुणाला लागलंच, तर 'परवाना लागत नव्हता' हा बचाव होत नाही. निष्काळजीपणानं इजा केल्याबद्दल न्याय संहितेचं कलम 125 लागतं, जीव गेला तर 106.

मुलांनी एअर रायफल हातात घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट जास्तीत जास्त मुलांनी घ्यावी. अभिनव बिंद्रानं 2008 मध्ये बीजिंगला वैयक्तिक सुवर्ण मिळवलं ते दहा मीटर एअर रायफलमध्येच. आपल्याच राज्यातल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला, तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवरून तो ठिपका गाठायला बसणारं पोर शांत व्हायला शिकतं, हे मी डोळ्यानं बघितलंय. त्यासाठी त्याला प्रशिक्षक हवा, मागे छर्रा अडवणारं टार्गेट हवं, डोळ्यावर चष्मा हवा. कपाटावर ठेवलेली भरलेली एअरगन आणि दुपारी घरी एकटं पोर, एवढंच मिळालं तर त्यातून नेमबाज घडत नाही.

"रानातली पाखरं हाणा, कुणी विचारत नाही"

विचारतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. पोपट संरक्षित आहे, मोर तर पहिल्या अनुसूचीत. 'कावळा चालतो' असं सांगणारे जुन्या कायद्यावर बोलतात. पूर्वी कावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच गेली आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. नान्नजला 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. त्या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कोणतंही हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, मग गोळी झाडा नाहीतर नका झाडू. 'लायसन्स नसलेली एअरगन' घेऊन तिथे फोटो काढायला जाणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

शेतकऱ्याचं नुकसान मात्र खोटं नाही. पोपटांचा थवा कणसांवर उतरला की मालदांडी ज्वारीची काय दशा होते, आणि साळुंक्या द्राक्षाचे घड कसे फोडतात, हे मला माहीत आहे. पण छर्‍यानं थवा हटत नाही. एक पाखरू पंख मोडून बांधावर तडफडत मरतं, बाकीचे दोन एकर पुढे जाऊन बसतात आणि तासाभरात परत येतात. द्राक्षाला जाळी, ज्वारीला चमकत्या फिती, आणि माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस, या गोष्टी थव्याला हलवतात. पिकाच्या राखणीसाठी हत्यार हवंच असेल, तर शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. रीतसर अर्ज करा. त्या परवान्यानंसुद्धा संरक्षित पाखरू मारता येत नाही, आवाज काढून हुसकावता येतं.

"हवेत बार काढला तर गोळी वरच विरते"

शिशाची गोळी कशी विरेल? अगदी सरळ वर गेलेली गोळी खाली येताना हवेच्या रोधामुळे मंदावते हे खरं, तरी रायफलची साधी गोळी सेकंदाला 90 मीटरच्या आसपास वेगानं पडते आणि कवटी फोडायला तेवढं पुरेसं ठरू शकतं. वरातीत तर कुणी सरळ वर झाडत नाही. घोड्यासमोर नाचताना हात तिरपा असतो, आणि तिरपी गेलेली गोळी बराच वेग राखून दुसऱ्या गल्लीत उतरते. 2019 च्या दुरुस्तीत अशा गोळीबारासाठी वेगळी तरतूद आहे: लग्न, धार्मिक ठिकाण, सार्वजनिक जमाव किंवा कोणताही समारंभ असो, बेदरकारपणे गोळी झाडून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हत्यार परवान्याचं असलं तरी सुटका नाही. अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयात असो की गावच्या मांडवात, नवरदेवाचा मामा कमरेचं हत्यार काढताना दिसला तर आधी बायकापोरांना पत्र्याखाली न नेता पक्क्या छताखाली न्या, कारण पत्रा गोळी अडवेलच असं नाही, आणि मग 112 ला फोन करा.