ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी एकच? अजिबात नाही

पाऊस सुरू झाला की फिरणारा मेसेज याहीवर्षी आलाच. त्यात म्हणे गाडीतलं ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅम, घसरणारी गाडी सावरणारी सिस्टीम) एकच, कंपन्या दोन नावं देऊन पैसे उकळतात, फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा) गाडीला त्याची गरजच नाही, घाटात त्याचं बटण बंद ठेवा नाहीतर पिकअप मरतो, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना वळणावर स्पीड कमी करायची गरज नाही. एका मेसेजमध्ये इतक्या चुका म्हणजे कमाल आहे.

पहिलं, 'एकच आहे'. गैरसमज का होतो ते कळतं, दोघांचा दिवा आणि बटण बऱ्याच गाड्यांत एकच असतं आणि चाकांचा वेग मोजणारे एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमचे) सेन्सरही दोघं वापरतात. पण ट्रॅक्शन कंट्रोल एवढंच बघतं की इंजिन ज्या चाकांना फिरवतंय ती जागच्या जागी गरगरतायत का. ओल्या चढावर रेस दिली, चाक फिरलं, की ते इंजिनची ताकद कमी करतं नाहीतर त्या चाकाला ब्रेक लावतं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की त्याचं काम संपलं.

ईएसपीला तुमचा पाय कुठंय याच्याशी देणंघेणं नाही. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय, हे ते सतत ताडून बघतं, त्यासाठी वेगळे सेन्सर असतात. गाडी न वळता सरळच सरकायला लागली तर साधारण आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक, मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. आता सांगा, आपल्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच, कितीही तरबेज ड्रायव्हर असला तरी एकट्या चाकाला ब्रेक कसा लावणार?

ईएसपी असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल सहसा त्यात असतंच, उलट मात्र धरून चालू नका. ब्रोशरमध्ये नुसतं ट्रॅक्शन कंट्रोल लिहिलं असेल तर शोरूममध्ये स्पष्ट विचारा.

पैसे उकळण्याचं म्हणाल तर, बॉश या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं ईएसपी मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये १९९५ ला आलं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये, अचानक आडवं आलेलं जनावर चुकवायच्या टेस्टमध्ये मर्सिडीजचीच छोटी ए क्लास उलटली, केवढी नाचक्की, मग कंपनीनं सगळ्या ए क्लासना ते बसवून दिलं. युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीचं आहे. आपल्याकडे भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या चाचणीत, ३ स्टार किंवा जास्त हवे असतील तर लागतंच. हां, काही कंपन्यांनी वर्षानुवर्षं ते फक्त टॉप व्हेरिएंटला दिलं हा राग मात्र रास्त आहे.

फ्रंट व्हील ड्राइव्हवाला मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. ताम्हिणीसारख्या घाटात ओल्या वळणावर जरा जोरात शिरलात, मध्येच घाबरून झटकन पाय काढला, वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडीची शेपटी सुटली. इथे चाक गरगरतच नाहीये, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल गप्प, कामाला येणार ते ईएसपीच. आणि हेच बटण घाटात बंद करा म्हणतायत!

बंद करायचं ते चिखलात नाहीतर वाळूत रुतल्यावर, कारण तिथे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं. (कोकणात किनाऱ्यावर गाडी उतरवायचीच कशाला हा प्रश्न वेगळा.) बाहेर निघालात की लगेच चालू करा.

राहिला वळणाचा स्पीड. ४० ऐवजी ६० नी तेच वळण घेतलं तर टायरना सव्वादोन पट जोर लावावा लागतो. ईएसपी असलेली पकड नीट वापरतं, गोटा झालेल्या टायरला नवीन पकड कुठून आणणार? त्यामुळे सरळ रस्ता सोडून गाडी वळायला लागल्यावर मीटरवर तो घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकला तर पकड संपत आलीय, स्पीड हळूच कमी करा. लुकलुकत नाही, सतत पेटलेलाच आहे? मग सिस्टीम बंद आहे किंवा बिघडलीय, घाटात जायच्या आधी गॅरेज गाठा.