‘ही कसली परीकथा?’ या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. मग सकाळी परत वाचली तेव्हा कळलं की तुम्ही माझ्या रुईच्या गोष्टीचे तिन्ही भाग अगदी बारकाईने वाचलेत, कारण जी चूक तुम्ही पकडलीत ती चार वेळा एडिट करूनही माझ्या नजरेतून निसटली होती. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी गोष्ट वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रुई सतरा वर्षांची आहे, ती मेलेल्या माणसाच्या केसांचं सूत कातते आणि ते सूत संपेपर्यंत ते माणूस बोलतं. दर वेळी रुईची स्वतःची एक आठवण मात्र जाते. गावात असं सूत कातायला सक्त बंदी आहे, ती तिच्या आत्याकडून चोरून शिकलीये. आणि तुमची तक्रार अशी की परीकथा म्हणून भाचीला वाचून दाखवायला घेतली तर दुसऱ्या भागातच थांबावं लागलं, बंदी का आहे ते कळत नाही, रुईला कशाचाच पश्चात्ताप नाही आणि तिसऱ्या भागात जादू फुकटात होते.

फुकटाचं आधी, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ती गिरणीवाल्याचे केस कातते, तो रात्रभर बोलतो आणि सकाळी हिला सगळं जसंच्या तसं आठवतंय! क्लायमॅक्सला पोचायची घाई झाली होती, बाकी काही कारण नाही. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात सहा हंसांची गोष्ट आहे बघा, त्यात भावांना परत माणूस करायला बहिणीने सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचं नाही आणि सहा सदरे शिवायचे. तिला जाळायला चिता रचतात तरी ती तोंड उघडत नाही. शेवटच्या सदऱ्याची डावी बाही तेवढी राहून जाते, आणि धाकट्या भावाला हाताच्या जागी हंसाचा पंख तसाच राहतो. बाकी गोष्ट मी विसरले असते पण तो पंख नाही विसरले. माझ्या तिसऱ्या भागात असा पंखच नाहीये. तो प्रसंग परत लिहितेय.

आता ‘परीकथेत एवढा अंधार कशाला’. भाचीबद्दल सॉरी, वर ठळक वॉर्निंग टाकायला हवी होती, आता टाकलीये. पण परीकथा म्हणजे मुळातच गोड गोड असतात हे काही मला पटत नाही. ग्रिमांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ला आला तेव्हा त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती, सावत्र ती १८१९च्या आवृत्तीत झाली. मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलचं तर त्याहून भारी, १८१२मध्ये ती भोळेपणाने विचारते की माझे कपडे घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे दिवस गेलेत हे वाचणाऱ्याला कळतं. हे मुलांसाठी बरं नाही म्हणून पुढे बदललं. पण हिमगौरीच्या लग्नात त्या राणीला तापून लाल झालेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचायला लावतात, ते १८५७च्या सातव्या आवृत्तीतही जागेवर आहे. म्हणजे मुलीचं पोट दिसलेलं चालत नाही, पाय भाजलेले चालतात. कात्री कुठे लागली ते बघा म्हणजे झालं.

आणि बंदी. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे, थोडंसंच. बंदीचं कारण दुसऱ्या भागात आहे, पण एका वाक्यात आहे आणि ते वाक्य आत्याच्या बडबडीत दडलंय, तिथे माझी चूक मान्य. ती म्हणते, ‘मेलेले बोलायला लागले की गढीवाल्यांची झोप उडते.’ बस, एवढंच. गढीच्या तळघरात कोण कसं मेलं हे मेलेल्यांनाच माहीत आहे, त्यामुळे त्यांना बोलतं करणारी पोरगी चेटकीण ठरलीच पाहिजे. जादू वाईट म्हणून तिच्यावर बंदी, असं मला लिहायचंच नव्हतं. बंदी कुणाच्या सोयीची आहे हे लिहायचं होतं.

हे काही मी हवेतून आणलेलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसमध्ये आन्ना ग्योल्डी नावाची मोलकरीण होती. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया घातल्या असा आरोप तिच्यावर झाला, छळ करून कबुली घेतली आणि १७८२ला तिचं डोकं उडवलं. मालक साधासुधा नव्हता, डॉक्टर होता आणि न्यायाधिकारीही. २००८मध्ये तिथल्या संसदेने तिला निर्दोष ठरवलं, म्हणजे सव्वादोनशे वर्षांनी. रुईचा दुसरा भाग लिहिताना हे सारखं डोक्यात होतं.

शिवाय बंदीची अजून एक गंमत आहे. झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत राजा राज्यातल्या झाडून सगळ्या टकळ्या जाळायला लावतो. त्यामुळे होतं काय, तर पोरीने पंधरा वर्षांत टकळी म्हणजे काय हे बघितलेलंच नसतं, म्हणून ती म्हातारीच्या हातात गरगर फिरणारी ती वस्तू दिसल्यावर कुतूहलाने हात लावायला जाते आणि बोटात घुसतेच. बापाने जरा दाखवून, समजावून ठेवलं असतं तर? रुईलाही किंमत काय पडते हे कुणी सांगितलेलं नाही, आत्याने सुद्धा नाही, कारण त्या विषयावर बोलायलाच बंदी. ती पहिली आठवण गमावते तेव्हा गमावली हे सुद्धा तिला कळत नाही. ही माझी सगळ्यात आवडती जागा आणि तुम्ही तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, असो.

पश्चात्तापाचं म्हणाल तर नाही, तो नाही येणार. तिने खून केलेला नाही, झालेला खून बोलता केलाय. पुढच्या भागात तिला भीती वाटेल, भयंकर एकटं वाटेल, पण माफी तिने कुणाची मागायची?

तुम्ही जाता जाता लिहिलंय की पुस्तक मिटल्यावर भाचीने विचारलं, ‘मग तिला आत्याचं नाव आठवलं का?’ तुमच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा मला हा प्रश्न जास्त लागला. तिला सांगा, नाही आठवलं. चौथ्या भागात रुईच्या उशाखाली पांढऱ्या केसांची एक जुडी आहे, ती कुणाची ते तिला माहीत नाही, आणि ती कातायचं धाडस तिला होत नाहीये. भाचीला विचारून बघा, तिने कातली असती का. उत्तर इथेच लिहा, मी अजून ते पान लिहिलेलं नाही.