देखभालीचे पैसे नसतील तर नको ती इमारत

छोट्या गावातल्या सार्वजनिक संस्थेला कोणी ‘वरचा मजला बांधून देतो’ म्हटलं की सभेत टाळ्या पडतात. माझं मत जरा वाकडं आहे. त्या मजल्याच्या देखभालीचे पैसे सोबत येत नसतील, तर दात्याचे मनापासून आभार मानावेत आणि नको म्हणावं.

अशाच एका समितीत मी बरीच वर्षं बसतो. नुकत्याच झालेल्या बैठकीत हेच बोललो, तर सभा एकदम गार पडली. ‘येणाऱ्या लक्ष्मीला लाथ मारतोस’ इथपासून ‘याला विकासच नको आहे’ इथपर्यंत सगळं ऐकून झालं. बैठकीत वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

इमारत बांधून झाली की खर्च संपला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खर्चाला तिथून सुरुवात होते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी एक ठोकताळा दिला होता: तीच इमारत आज नव्याने बांधायला जो खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीला हवी. खालचा आकडा धरला तरी ५० वर्षांत एक अख्खी इमारत उभी राहील एवढा पैसा लागतो. त्यात वीजबिल नाही, झाडलोट नाही, राखणदाराचा पगार नाही. आता आपापल्या संस्थेचा ताळेबंद काढा आणि दुरुस्तीसाठी यंदा किती बाजूला टाकले ते बघा. बहुतेक ठिकाणी त्या रकान्यात एक आडवी रेघ असते.

कोणी म्हणेल, दुरुस्ती काय, निघेल तेव्हा बघू. हे ‘बघू’ किती महागात पडतं, ते पन्हळीपाशी उभं राहिलं की कळतं. पन्हळीत पानं साचतात. पावसाचं पाणी तोंडातून बाहेर न पडता काठावरून भिंतीवर उतरतं. पहिल्या वर्षी नुसता डाग दिसतो. मग गिलाव्याला पोपडे येतात, आणि लाकडी छप्पर असेल तर भिंतीत गेलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजायला लागतं. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, टोकाला पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत जातो. काँक्रीटचं छत असेल तर ओल सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला रेटा देतो आणि एके दिवशी छताचा तुकडा खाली येतो. एक शिडी आणि एक माणूस यांचं तासाभराचं काम टाळलं, त्याचं हे व्याज. तुकडा पडल्यावर मात्र सगळे धावतात, वर्गणी गोळा होते, नव्या स्लॅबचं उद्घाटनही होतं. पन्हळ तशीच तुंबलेली.

पन्हळ साफ करण्यासाठी कधी कुणी वर्गणी मागितल्याचं ऐकलंय का? त्याचा फोटो येत नाही, हा खरा घोटाळा आहे.

इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टकडून या बाबतीत शिकण्यासारखं आहे. जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी ही संस्था १८९५ सालची. पुढच्याच वर्षी तिने आल्फ्रिस्टन गावातलं एक जुनं, गवती छपराचं घर फक्त १० पौंडांना घेतलं. ही तिची पहिली इमारत. ते सावरायला मात्र खरेदीच्या अनेक पटींनी पैसा गोळा करावा लागला. आज या संस्थेकडे ‘चोर्ली सूत्र’ म्हणून हिशेबाची एक पद्धत आहे. कोणी वाडा देऊ केला, तर पुढच्या काळातल्या दुरुस्त्या किती, खर्च किती, त्याचं स्वतःचं उत्पन्न किती, हे मांडून सोबत किती कायम ठेव हवी ते काढतात. तेवढी तजवीज नसेल तर वाडा कितीही देखणा असो, संस्था सहसा तो स्वीकारत नाही. इतकी मोठी संस्था ‘परवडत नाही’ म्हणू शकते आणि आपण मात्र संकोचापायी घेऊन बसतो.

आपल्यालाही हे गणित जमण्यासारखं आहे. दरवर्षी इमारतीच्या खर्चाच्या २ टक्के लागणार असतील आणि महागाई वजा जाता ठेवीवर हातात ४ टक्के पडत असतील, तर बांधकामखर्चाच्या निम्मी रक्कम कायम ठेवीत हवी. एवढं सुरक्षित व्याज मिळणार नसेल तर निम्म्याहूनही जास्त. त्यामुळे दाता म्हणतो तो मजला शंभराचा असेल, तर त्याला म्हणावं, सहासष्टाचा बांधा आणि चौतीस ठेवीत टाका. मजला आकाराने कमी होईल, पण टिकेल.

दुसरा मुद्दा भाड्याचा. ‘जागा आपलीच, मग भाडं कसलं?’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं, आणि बहुतेक वेळा ज्याला सहज परवडतं त्याच्याच तोंडून येतं. सामायिक मालकी म्हणजे फुकट वापर नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या डोंगरी गावाने १४८३ साली सामायिक कुरणांची आणि जंगलाची व्यवस्था कागदावर आणली. १५१७ मधला तिथला नियम असा: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच कुरणात सोडायच्या. कुरणाच्या दुरुस्तीचा वाटाही साधारण ज्याच्या-त्याच्या गाईंच्या संख्येप्रमाणे. वापर जास्त तर भार जास्त. नियम मोडणाऱ्याला दंड, आणि त्यातला निम्मा दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचा! (आपल्या समितीला ही सोय दिली तर उपस्थिती शंभर टक्के होईल.) सामायिक मालमत्तेचा शेवटी बोजवाराच उडतो, असं अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं होतं. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टोर्बेलसारखी अनेक उदाहरणं तपासून दाखवून दिलं की तसं होतंच असं नाही. वापरणाऱ्यांनी मिळून नियम केले आणि देखरेख ठेवली तर व्यवस्था शतकानुशतकं चालते. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

भाड्यात सवलत जरूर द्या. मुलांच्या कार्यक्रमाला, अडल्यानडल्या संस्थेला सभागृह फुकट देण्याला माझा विरोध नाही. पण ती सवलत हिशेबात लिहा: अमुक तारखेला अमुक मंडळाला, पूर्ण भाडं इतकं, घेतलं शून्य. वर्षअखेरीला ही यादी सभेत वाचून दाखवा. गरजू कोण आणि वजनदार कोण, हे न बोलता कळतं.

रस्त्याकडेचे गाळे असतील तर त्यांचं भाडं थेट दुरुस्ती निधीत जायला हवं. ते रोजच्या खर्चात मुरलं की संपलं. आणि भाडेपट्ट्याची मुदत, भाडेवाढ, पोटभाडेकरूला बंदी हे सगळं लेखी हवं. तोंडी शब्दावर दिलेला गाळा पुढच्या पिढीत सोडवायला वकील लागतो.

जमिनीचं दुखणं वेगळं. इमारत पडते तेव्हा निदान आवाज होतो, जमीन गुपचूप जाते. शेजारचं कुंपण यंदा वीतभर सरकतं, मग दोन हात, मग तिथे पत्र्याची शेड उभी राहते. अनेक देशांच्या कायद्यांत एक ठरावीक काळ उघड, बिनविरोध ताबा राहिला की मूळ मालकाचा हक्क धोक्यात येतो. मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड पक्के करा आणि वर्षातून एकदा समितीने नकाशा हातात घेऊन सगळी हद्द पायी फिरा. जुन्या इंग्लंडमधल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, हे दरवर्षी व्हायचं, आणि मुद्दाम पोरांना सोबत नेत, म्हणजे हद्द पुढच्या पिढीच्या लक्षात राहील.

आणि कृपा करून कागद कुणा एकाच्या घरच्या कपाटात ठेवू नका. प्रत्येक संस्थेत एक जुनाजाणता असतो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, ड्रेनेजची लाइन कुठून जाते, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, सगळं त्याच्या डोक्यात. त्याचं कौतुक करतानाच शेजारी वही-पेन घेऊन एका तरुणाला बसवा. व्हॉल्व्ह फरशीखाली गेलेला असेल आणि पाइप फुटलेला असेल, तेव्हा त्या वहीची किंमत कळते.

‘असं अडवून धरलं तर दातेच येणार नाहीत’, हा बैठकीतला शेवटचा आक्षेप होता. थोडे कमी येतील, मान्य. पण दात्यांना आपणच सवय लावलीय. नाव कोरायला आपण त्यांना फक्त भिंतच देतो. निधीलाही नाव देता येतं: अमुक यांच्या स्मरणार्थ छत-दुरुस्ती निधी. पाटी तीच, संगमरवर तोच, लावायची दर्शनी भागात. पुढच्या बैठकीत मी हा ठराव लेखी मांडणार आहे, सोबत वरच्या मजल्याचा ५० वर्षांचा खर्च मांडलेला तक्ता. अनुमोदक अजून मिळालेला नाही. समितीतलं कोणी हे वाचत असेल तर बैठकीआधी कळवा.